अंदाजाची धाव

सर कुणालाही वस्तू हातात देत नसत. फेकत. किल्ली मागा, किल्ली हवेतून यायची. कांदा मागा, कांदा. स्टाफरूममध्ये एकदा मी स्टेपलर मागितला तर या माणसानं तोही फेकला. मी घाबरून खाली वाकले, स्टेपलर मागच्या लोखंडी कपाटावर आदळला, कपाटाला पोचा पडला, आणि वर झाप कुणाला? मलाच. "मॅडम, डोळे काहून मिटता? वस्तू तुमच्याकडे येऊन राह्यली ना? मग तुम्ही तिच्याकडे जा."

मी कशाला जाऊ? मी हिंदीची शिक्षिका आहे.

अबू धाबीत मुसाफाच्या बाजूला आमची भारतीय शाळा. मी तिथं हिंदी शिकवते, सर पीटी शिकवायचे. राहायलाही आम्ही एकाच आवारात होतो. मोहम्मद बिन झायद सिटीत एका मोठ्या व्हिलाचे तुकडे करून ते भाड्यानं दिले होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा, आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून बांधलेल्या एका सुट्या खोलीत, जिला इथं मुलहक म्हणतात, सर एकटे. त्यांची बायको आणि मुलगी तिकडं बुलढाण्याजवळ गावी. शाळेत ते मला मॅडम म्हणत आणि व्हिलाच्या गेटातून आत पाऊल पडलं की वहिनी. यात त्यांची कधी चूक झाली नाही.

आता त्यांचा विषय निघाला की लोक हसतात. "तो बेसबॉलवाला ना? अहो, तो व्हिडिओ काय भारी होता!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हसायला काय झालं? तुमच्यातल्या एकानं तरी तो सामना नीट पाहिला का? बेसबॉल कशाशी खातात हे माहीत नाही आणि चालले दात काढायला.

मला तरी कुठं माहीत होतं म्हणा. मला सरांनी शिकवलं, म्हणजे ओरडून शिकवलं. माझ्या ओट्यावर लसणाच्या चार पाकळ्या मांडून. हे चार बेस. बॅटवाला बॉल मारतो आणि एकेक बेस गाठत फिरून पुन्हा निघाल्या जागी येतो. त्या जागेला होम म्हणायचं. होमला पोचला की एक धाव. सर आउटफिल्डर. सगळ्यांत लांब, गवताच्या टोकाला उभा राहणारा माणूस. तिथवर आलेला बॉल उचलायचा आणि पळणारा होमला पोचायच्या आत तिथं फेकायचा. "कॅच तं कोणीबी घेते, वहिनी. फेक पाहा, फेक." आणि हा माणूस आमच्या गल्लीच्या त्या टोकाला जाऊन उभा राहायचा, आणि माझ्या नवऱ्याला या टोकाला उभं करायचा. बॉल एक टप्पा खाऊन असा यायचा की माझा नवरा तो छातीशी धरून दोन पावलं मागं जायचा. संध्याकाळी कामावरून दमून आलेला माणूस तो, स्टोअर सांभाळणारा, पोट सुटलेला. पण सरांनी हाक मारली की चहा टाकून पळायचा. त्याचा जीव होता सरांवर.

सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ते शाळेत असताना त्यांच्या तालुक्याच्या संघाकडं ग्लोव्ह मोजकेच. ते कुणाला मिळायचे, तर जवळ उभं राहणाऱ्यांना. लांबच्याला कशाला ग्लोव्ह, त्याच्याकडं बॉल येतो तरी कितीदा, असा हिशोब. म्हणून सर उघड्या हातांनी खेळायला शिकले. दोन्ही हात पुढं न्यायचे आणि बॉल आला की त्याच्याबरोबर मागं आणायचे, न्हाणीघरात तान्हं मूल घेतात तसे. पुढं ग्लोव्ह मिळाला तरी खोड गेली नाही. ग्लोव्ह हातात असायचा आणि मोकळा हात त्याच्याआधी बॉलला जाऊन भिडायचा.

क्रिकेटचं नाव ते तोंडानं घेत नसत. "फळी" म्हणायचे. "फळी चालू हाय का तुमच्याकडं?" भारताचा सामना असला की अख्खा व्हिला आमच्या टीव्हीपुढं जमायचा, आणि हा बाबा बाहेर बादली आपटून आपटून कपडे धुवायचा. कुणी बाद झालं आणि आत आरडाओरडा झाला की बाहेर बादलीचा आवाज दुप्पट. एकदा मी खिडकीतून म्हटलं, "सर, शर्ट फाटेल." म्हणाले, "फाटू द्या. शर्टालेबी समजलं पायजे."

शाळेत त्यांनी बेसबॉल सुरू करायचा किती प्रयत्न केला! मुलं म्हणायची, "But sir, who even plays this?" आई-वडील भेटायला यायचे आणि पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट मिळेल का? कॉलेज ॲडमिशनला चालेल का?" हा शब्द ऐकला की सरांचं डोकं फिरायचं. कारण सर्टिफिकेटनंच त्यांचं घर बुडवलं होतं. तिकडं त्यांच्या तरुणपणी खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत राखीव जागा आणि परीक्षेत वाढीव मार्क. मग काय विचारता! ज्यांनी जन्मात बॉल धरला नाही अशी पोरं संघाबरोबर स्पर्धेला जायची, झाडाखाली बसून चिवडा खायची आणि सर्टिफिकेट घेऊन परत यायची. त्यातली कोण कोण साहेब होऊन बसली. सर प्रत्येक सामना खेळले होते, आणि त्यांनी अर्जच केला नाही! का? तर म्हणे, "झाडाखाली चिवडा खाणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राह्यणार नाई."

हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, रांगेत उभं राहायचं, नोकरी घ्यायची आणि मग घरी येऊन शिव्या द्यायच्या. सगळं जग असंच करतं. त्यांच्या बायकोनं ते त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही, आणि मी तिच्या बाजूची आहे. चालून आलेली नोकरी घालवलेल्या माणसाला कुठंतरी जावं लागतं. सर इथं आले आणि फळी खेळणाऱ्या पोरांना रांगेत उभं करून पीटी शिकवत राहिले.

मग एका हिवाळ्यात इथं बेसबॉलची पगारी लीग आली. चार संघ. अमेरिकेतून आणि कुठल्या कुठल्या बेटांवरून आणलेले खेळाडू. दुबईबाहेर, सिलिकॉन ओएसिसच्याही पुढं, वाळूत तात्पुरतं उभं केलेलं मैदान. एका हंगामात सगळं गुंडाळलं गेलं, आज तिचं नावही कुणाला आठवत नाही. पण तेव्हा निवड-चाचणी झाली, चाळिशीला टेकलेले सर बसनं दुबईला गेले, आणि निवडून आले. पगारी आउटफिल्डर! परत आले ते बर दुबईतून पेढे घेऊन. पेढे वाटले, म्हणजे फेकले. माझ्या नवऱ्यानं एकही खाली पडू दिला नाही. माझा एक पडला, त्यावरून मला झाप बसली ती वेगळीच.

हंगामापुरती रजा हवी होती. प्रिन्सिपल म्हणाले, "सर, क्रिकेट होता तो हम मॅनेजमेंट से बात करते." सरांनी तिथल्या तिथं राजीनामा दिला.

मी मुलहकच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, डोकं ठिकाणावर आहे का? इथं नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की माणूस जातो. त्या क्लबचा व्हिसा चार महिन्यांचा. पुढं काय करणार? घरी मुलगी आहे."

सर बूट पुसत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, मी आजवर खेळलो ते लोकांच्या मतानं मार्कासाठी खेळलो. नाईतर नोकरीसाठी. मले एकदा कोणीतरी नीट पाहून सांगावं, या माणसाचा हात चालते का नाई चालते. नाई चालत म्हणाले तरी चालंल. पण पाहून सांगावं. बस."

मी म्हटलं, "खड्ड्यात जा," आणि घरी येऊन त्यांच्यासाठी पोळ्या जास्त टाकल्या.

आणि क्लबनं काय करावं? क्लबनं त्यांना फेटा बांधला. भगवा. त्यांना भारतीय लोक मैदानात आणायचे होते, त्यासाठी भारतीय चेहरा हवा होता. व्हिडिओत सर फेटा बांधून हात जोडतात, मग बॉल वर उडवतात आणि हसतात. सर हसतात! मी या माणसाला इतकी वर्षं ओळखते, त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू म्हणजे कुणीतरी मागून चिमटा काढल्यासारखं दिसत होतं. सामन्यामागून सामने झाले. सर फेटा काढून कट्ट्यावर बसलेले. आम्ही दर शनिवारी दुबईला जायचो आणि त्यांना बसलेलं पाहून परत यायचो. कोच अमेरिकन. भला दिसायचा, पण सरांना बघून अंगठा वर करायचा आणि दुसऱ्यालाच मैदानात पाठवायचा. मला तो अंगठा मुळापासून पिरगाळावासा वाटायचा.

आपल्या मंडळींनी तरी शहाणपणा करावा? छे! इथल्या मराठी मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "आपल्या मातीतला हा क्रिकेटपटू," मग कुणीतरी कानात सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे तसंच काहीतरी." लोक हसले. मग सरांना विचारलं, "सर, तुमचा आवडता बॅट्समन कोण?" सरांनी हातातला नारळ एकदा बघितला. चार पावलं मागं गेले आणि तो स्टेजच्या या टोकावरून त्या टोकाला, अध्यक्षांकडं फेकला. जोरात नव्हे, अगदी अलगद, छातीवर. अध्यक्षांनी डोळे मिटले आणि नारळ त्यांच्या पायावर पडला. "नारळ धरता येत नाई, सत्कार कायचा करता?" असं म्हणून हा माणूस शाल खांद्यावर टाकून खाली उतरला. सगळ्यांनी नावं ठेवली. मी मागच्या रांगेत बसून एकटी टाळ्या वाजवत होते. माझा नवरा माझा हात धरून खाली ओढत होता.

आता त्या सामन्याचं सांगते.

हंगाम संपत आला होता. दुपारची वेळ, ऊन चांगलंच तापलेलं. आमची जागा नेहमीप्रमाणं स्वस्तातली, उजवीकडच्या कोपऱ्यात, मैदानाच्या अगदी कडेला. मध्ये कुंपण म्हणजे कमरेएवढी फळकुटं. मंडळाचे ढोलवाले आले होते. शेवटचा डाव, दोन्ही संघ बरोबरीत, आमचा संघ फिल्डिंगला. आणि राइट फिल्डला जो नेहमीचा खेळाडू होता त्याच्या पायात गोळा आला. त्याला धरून बाहेर नेलं. कोचनं कट्ट्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच अंगठा नाही, बोट दाखवलं. सरांकडं.

अहो, आमच्या कोपऱ्यात जो गलका झाला! सर धावत आले आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभे राहिले. माझ्या नवऱ्यानं "सर! सर!" करून घसा बसवून घेतला. सरांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांची मान ताठ होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर. मला तेव्हा वाटलं, देवा, एक बॉल येऊ दे.

समोरच्या संघाचा एक पळणारा पहिल्या बेसवर उभा होता. तो होमला पोचला की सामना त्यांचा. बॅटवाल्यानं फटका मारला आणि बॉल रेषेच्या आतून सरपटत थेट आमच्या कोपऱ्यात यायला लागला. तिकडं पळणारा सुटला, इकडं सर सुटले. मी शपथेवर सांगते, मी त्या माणसाला इतकं जोरात पळताना कधी पाहिलं नव्हतं. बॉल फळकुटावर आपटला आणि आमच्या पायांशी थांबला. सर आलेच होते. अजून दोन-तीन पावलं. उजवा हात आधीच मागं जायला लागला होता.

आणि माझा नवरा फळकुटावरून वाकला, त्यानं बॉल उचलला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला आणि म्हणाला, "घ्या सर!"

आता या माणसाला मी काय म्हणू? त्यानं जन्मभर मैदानाच्या कडेला उभं राहून क्रिकेट पाहिलंय. बॉल कडेला लागला की चौकार झाला, चौकार झाला की बॉल मेला, आणि मेलेला बॉल जवळच्या माणसानं उचलून द्यायचा. आपल्याकडं रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बॉल देतो. तो आपल्याकडचा शिष्टाचारच आहे. वर सरांनीच कधीतरी सांगितलं होतं की या खेळात प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याला मिळाला त्याचा. माझ्या भोळ्या सांबाला वाटलं, फुकटचा बॉल आपण कशाला ठेवायचा! म्हणून त्यानं प्रामाणिकपणे परत दिला. त्या प्रामाणिकपणाला काडी लावावीशी वाटली मला.

अंपायरनं दोन्ही हात वर केले. खेळ थांबला. कारण चालू खेळात बाहेरच्या माणसानं बॉलला हात लावला की खेळ तिथंच मरतो. आणि मग, हे नीट ऐका, मग अंपायरनं मनात ठरवायचं असतं की हात लागला नसता तर काय झालं असतं. मनात! त्यानं क्षणभर विचार केला आणि पळणाऱ्याला होमकडं बोट दाखवलं. धाव दिली. सामना संपला. ढोलवाल्यांना वाटलं आपणच जिंकलो, त्यांनी ढोल बडवायला सुरुवात केली.

सर बॉल हातात घेऊन अंपायरकडं पळत गेले. त्यांचं इंग्रजी तुटकंच. "आय थ्रो! यू वेट, आय थ्रो! यू सी!" अंपायर म्हणाला, "इन माय जजमेंट, ही स्कोर्स." म्हणजे माझ्या अंदाजानं तो पोचलाच असता. सर तरी म्हणत राहिले, "यू सी माय थ्रो? टेल मी. यू सी?" कोचनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना बाहेर नेलं.

त्या अंपायरनं सरांची एक फेक पाहिली नव्हती. त्यानं काय पाहिलं असेल? पिकलेले कल्ले पाहिले असतील. फेटेवाला व्हिडिओ पाहिला असेल. त्यावरून त्यानं अंदाज केला. या माणसानं घरदार, नोकरी, व्हिसा एवढ्यासाठी सोडला की कुणीतरी पाहून सांगावं, आणि सांगणाऱ्यानं न पाहताच सांगितलं. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, पण एक पठाण ड्रायव्हर गाडी मागं घेऊन निघून गेला, म्हणजे त्याला कळल्या.

व्हिडिओ पसरला. त्यात पळणारा नाही, सरांचा मागं गेलेला हात नाही. फक्त माझा नवरा, ओंजळ, आणि "घ्या सर!" त्यावर हसणारे चेहरे. गाणं काय लावलं होतं त्यावर! मंडळातल्या एकानं फोन केला, "वहिनी, भाऊ म्हणजे आपले बारावे खेळाडू हो!" मी म्हटलं, "तुमच्या अकरांना आधी डोळे द्या," आणि फोन ठेवला. माझ्या नवऱ्यानं जेवण टाकलं. तो मुलहकच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. सर मात्र त्याच्यावर एका शब्दानंही रागावले नाहीत. स्टेपलर धरला नाही म्हणून मला झापणारा माणूस, नारळ पाडला म्हणून अध्यक्षांची लाज काढणारा माणूस, त्यानं माझ्या नवऱ्याला हाक मारली, "भाऊ, चहा घेतला का?" त्या एका वाक्यानं माझा नवरा ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्लबनं त्यांना मोकळं केलं. खलास. शाळेत विचारलं तर त्यांच्या जागी फळीचा कोच आला होता. त्यांच्या बायकोचा फोन माझ्याकडंच आला. "वहिनी, त्यांना म्हणावं, या आता घरी. पोरगी वाट पाहून राह्यली." तिकीट काढलं गेलं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात उभे. हातात ग्लोव्ह, बॉल. "वहिनी, बूट घाला."

"कशाला?"

"पळायचं हाय तुम्हाले."

मी सांगलीला शाळा-कॉलेजात खो-खो खेळले होते आणि चांगली खेळले होते, हे कुठूनतरी त्यांना माहीत होतं. मी आता तशी राहिलेय का? पण त्यांचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. ओढणी कमरेला बांधली आणि बूट घातले.

व्हिलांच्या मागं बांधकाम न झालेली एक मोठी मोकळी जागा आहे, घट्ट बसलेल्या वाळूची. सर पहाटेच जाऊन सगळं आखून आले होते. बेसच्या जागी विटा. लांब कोपऱ्यात एका दगडाशी बॉल ठेवलेला, हुबेहूब जिथं त्या दिवशी थांबला होता तेवढ्या अंतरावर. माझ्या नवऱ्याला ग्लोव्ह देऊन होमच्या विटेशी उभं केलं. "भाऊ, तुम्ही यल्ला म्हणा, की सुटायचं. वहिनी दुसऱ्या बेसवरून पळतील, मी त्या दिवशी होतो तिथून पळतो. तो गडी वहिनींपेक्षा जोरात होता, म्हणून वहिनी एक बेस पुढून." आणि ते त्यांच्या जागेवर चालत गेले.

"यल्ला!"

मी पळाले. पण खरं सांगते, तिसऱ्या विटेला वळताना मला ते कोपऱ्यात वाकलेले दिसले, पाठीवर शर्ट चिकटलेला, आणि माझे पाय आपोआप जरा ढिले पडले. बॉल माझ्या कितीतरी आधी आला. माझ्या नवऱ्यानं आनंदानं उडी मारली. "आउट! आउट!"

सर त्या टोकावरून ताडताड चालत आले. "वहिनी, दया करून राह्यल्या का माझ्यावर? त्यानं अंदाज केला, तुम्ही भीक घालून राह्यल्या. फरक काय?"

मान खाली घालून पुन्हा दुसऱ्या विटेवर जाऊन उभी राहिले. मला त्यांचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, त्या अंपायरचा, मंडळाचा, कोचच्या अंगठ्याचा, सगळ्यांचा आला होता. म्हटलं, ठीक आहे, पळते. मग म्हणू नका.

"यल्ला!"

मी पळाले. खो-खोत पाठीमागं हात येत असताना पळतात तशी पळाले. तिसऱ्या विटेला आतून वळले, कोपऱ्याकडं बघितलंच नाही. छातीत कळ आली तरी थांबले नाही. समोर माझा नवरा ग्लोव्ह पुढं करून उभा होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मी होमच्या विटेवर पाय ठेवला, विटेवरून पुढं गेले, आणि मग माझ्या मागं ग्लोव्हमध्ये बॉल आदळल्याचा आवाज आला.

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. माझ्या नवऱ्याच्या तोंडून निकाल निघणं शक्यच नव्हतं. मी म्हणणार होते की मी यल्लाच्या आधी सुटले, पुन्हा घ्या. तेवढ्यात लांबून, त्या कोपऱ्यातून सरांचा आवाज आला.

"सेफ!"

मी वर बघितलं. सर दोन्ही हात आडवे पसरून उभे होते, अंपायर करतात तसे. "सेफ, वहिनी! पाह्यलं मी. पोचल्या तुम्ही." आणि खाली बसून त्यांनी बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.

सर तिथंच बसून राहिले, म्हणाले तुम्ही व्हा पुढं. आम्ही दोघं घराकडं निघालो. रस्त्यात माझा नवरा हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे अंपायरचा अंदाज बरोबर होता."

मी भर रस्त्यात थांबले. श्वास अजून पुरत नव्हता. "बरोबर होता म्हणून काय झालं?" मी ओरडले. समोरच्या व्हिलाचा माळी पाइप हातात धरून बघत राहिला. "बरोबर असू दे नाहीतर चूक असू दे! बघायचं होतं. त्यांना फेकू द्यायचं होतं आणि नुसतं बघायचं होतं!"

माझ्या नवऱ्यानं मान हलवली आणि आम्ही घरी आलो.